लॅपटॉपशेजारची वही

कपाटावर किंवा दिवाणाच्या कप्प्यात एक जुना लॅपटॉप पडून आहे, असं आज पुष्कळ घरांत दिसतं. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी घेतलेला, चार जीबी रॅमचा, पाचशे जीबी हार्ड डिस्कचा. सुरू करून चहाचं आधण ठेवावं, चहा गाळून आणावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. या लॅपटॉपकडे दोन्ही नाही. कळफलक चालतो, पडदा स्वच्छ आहे, बिजागऱ्या घट्ट आहेत, तरीही यंत्र मोडीत निघतं.

ते भंगारात घालण्याआधी त्यावर लिनक्स बसवून पाहा, असं मी भेटेल त्याला सांगतो. आणि त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट सांगतो: किराण्याच्या दुकानातून एक साधी शंभर पानी वही आणा आणि लॅपटॉपशेजारी ठेवा. पानावर चार रकाने आखा. काय बदललं, आधी किती वेळ लागत होता, नंतर किती लागतो, आणि बदल मागे कसा घ्यायचा. घरच्या संगणकाची मांडणी, सुरक्षा आणि वेग या तिन्ही गोष्टी या वहीभोवती फिरतात, हे या लेखात दाखवायचं आहे.

कोणतं लिनक्स?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. ज्या कार्यप्रणालीचा स्रोत कुणालाही वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल, अशी प्रणाली त्यांना उभी करायची होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने यंत्राशी बोलणारा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. हा गाभा, जीएनयूची अवजारं आणि वर लागणारे बाकीचे प्रोग्राम एकत्र बांधून जो संच मिळतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. १९९३ पासूनची डेबियन, तिच्यावर उभी असलेली २००४ ची उबुंटू आणि उबुंटूवर उभी असलेली २००६ ची लिनक्स मिंट ही त्यातली ठळक नावं.

जुन्या यंत्रासाठी डिस्ट्रो निवडताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, तिला सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षं मिळणार? उबुंटूच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला पाच वर्षं मिळतात, आणि तिच्यावर बांधलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत. दुसरा प्रश्न, डोळ्यांना दिसणारा मेज, म्हणजे डेस्कटॉप, किती जड आहे? चार जीबी रॅमवर झगमगीत मेजापेक्षा एक्सएफसीई हा हलका मेज बरा. मिंट या मेजासह तयार मिळते, म्हणून नवशिक्याला मी तीच सुचवतो.

बसवण्याआधी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. हार्ड डिस्कवरच्या एकाही फाइलला हात न लावता वायफाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमीजास्त होतो का, कॅमेरा दिसतो का, हे तपासा आणि वहीत टिपा. पुढे काही बिघडलं तर मूळ यंत्रात काय चालत होतं, हे या पहिल्या पानावरून कळेल.

फाइल खरी आहे ना?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोर शिरले. त्यांनी १७.३ या आवृत्तीच्या सिनॅमन या मेजाच्या संचाचा डाउनलोडचा दुवा भलतीकडे वळवला. त्या दिवशी ज्यांनी तो संच उतरवला, त्यांना चोरदरवाजा बसवलेली प्रणाली मिळाली. लगोलग प्रकल्पाचे प्रमुख क्लेमेंट लेफेव्र यांनी ही गोष्ट स्वतः जाहीर केली.

या धोक्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. प्रत्येक संचासोबत एसएचए-२५६ नावाचा ठसा प्रसिद्ध केलेला असतो. अख्ख्या फाइलवर गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ तयार होते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. उतरवलेल्या फाइलचा ठसा काढा आणि प्रसिद्ध ठशाशी ताडून पाहा. पण ज्याने फाइल बदलली, तो त्याच संकेतस्थळावरचा ठसाही बदलू शकतो. म्हणून ठशांच्या यादीवर प्रकल्पाची डिजिटल सही असते. ती सही तपासली म्हणजे पडताळणी पूर्ण झाली. दहा मिनिटांचं हे काम सहसा टाळलं जातं. मात्र पुढची सगळी सुरक्षा याच पायावर उभी राहते, म्हणून ते टाळू नये.

मराठीची मांडामांड

प्रणाली बसल्यावर मराठी घरात पहिला प्रश्न टंकलेखनाचा येतो. कळफलकाच्या यादीत भारतीय भाषांखाली इन्स्क्रिप्ट असतो, आणि रोमन अक्षरांच्या उच्चारांवर बसवलेला ‘मराठी कागपा’ही असतो. ज्याला रोज दोन-चार पानं मराठी लिहायची आहेत, त्याने इन्स्क्रिप्ट शिकावा. डाव्या हाताशी स्वर आणि उजव्या हाताशी व्यंजनं, ही त्याची रचना आठवडाभरात बोटांत बसते, आणि ती सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच लागू आहे.

मराठीच्या काही गरजा हिंदीपेक्षा वेगळ्या आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. ‘दऱ्या’तला हा आडवा रफार लिहायला इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ‘य’. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही चांगल्या फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की आपलं वळण उमटतं. म्हणून मजकूर लिहिण्याच्या लिब्रेऑफिस या प्रोग्रामात भाषेच्या रकान्यात हिंदीऐवजी मराठी निवडलं आहे ना, हे एकदा पाहून घ्यावं.

जुन्या फाइलींचाही प्रश्न येतो. शिवाजी, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेली पत्रं, लग्नाच्या याद्या, सोसायटीची इतिवृत्तं उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर खराब झालेला नसतो. त्या काळी रोमन अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट सापडला तर मजकूर वाचता येतो, पण कायमचा उपाय म्हणजे परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणून ठेवणं. ज्याला हे सगळं पाहत पाहत शिकायचं आहे, त्याच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे पाठ मराठीतही आहेत.

दारं, खिडक्या आणि किल्ल्या

लिनक्सवर व्हायरस येतच नाही, हा समज मनातून काढून टाकावा. त्याची सुरक्षितता रचनेतून येते, आणि ती रचना समजली तरच टिकते.

पहिली गोष्ट अधिकाराची. रोजचं काम करणाऱ्याला प्रणालीच्या फाइलींना हात लावता येत नाही. काही बसवायचं किंवा बदलायचं झालं की पासवर्ड विचारणारी चौकट येते. ती उंबरठ्यावरची विचारणा आहे. आपण काही बसवत नसताना ती अचानक आली, तर पासवर्ड देऊ नये. ही एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट प्रोग्राम कुठून घ्यायचा याची. डिस्ट्रोच्या भांडारात हजारो प्रोग्राम आहेत, त्यांच्या याद्यांवर डिजिटल सही असते आणि ती यंत्र स्वतःच तपासतं. धोका सुरू होतो तो एखाद्या अनोळखी पानावरची लांबलचक आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, चिकटवली की. ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या. तिचा प्रत्येक शब्द काय करतो हे कळल्याशिवाय ती चालवू नये, आणि चालवली तर वहीत लिहून ठेवावी.

तिसरी गोष्ट दुरुस्त्यांची. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये त्या आपोआप घेण्याची सोय आहे. ती सुरू करा. ब्राउझर तर एक दिवसही जुना ठेवू नये, कारण बाहेरच्या जगाशी सगळ्यात जास्त बोलतो तो तोच.

चौथी गोष्ट फायरवॉलची. उबुंटू आणि मिंटमध्ये ती आधीपासून असते, पण बंद असते. सेटिंगमध्ये एक कळ सरकवायची आणि नियम ठेवायचा: आत येणाऱ्याला नकार, बाहेर जाणाऱ्याला परवानगी. घरच्या राउटरमागे तिचा फरक फारसा जाणवत नाही. पण हॉटेलच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर त्याच जाळ्यात अनोळखी यंत्रं असतात, आणि तिथे ती कामाला येते.

पाचवी गोष्ट चोरीची. लॅपटॉप एसटीत राहिला तर लॉग-इनचा पासवर्ड काही कामाचा नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की फाइली दिसतात. म्हणून बसवतानाच संपूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय निवडावा. लिनक्समध्ये या पद्धतीचं नाव एलयूकेएस. २०१० पासून पुढच्या अनेक प्रोसेसरांत या गणितासाठी वेगळी सोय असल्याने वेगावर फारसा ताण येत नाही. मात्र हा पासवर्ड विसरला तर कुणीही, अगदी कुणीही, डिस्क उघडून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून, दागिने आणि मालमत्तेची कागदपत्रं असतात तिथे ठेवावा. या वहीत लिहू नये.

शेवटची गोष्ट बॅकअपची. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम प्रणालीचा फोटो काढल्यासारखी तिची अवस्था जपतो. एखादा बदल अंगाशी आला की मागे जाता येतं. पण तो मुळात प्रणालीसाठी आहे. आपली कागदपत्रं आणि फोटो तो ठरीव मांडणीत घेत नाही. टाइमशिफ्ट सुरू आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचे लेकराचे फोटो जाऊ शकतात. त्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क, आणि एक प्रत घराबाहेर.

आणि एका धोक्यावर कोणतीच प्रणाली उपाय करू शकत नाही. ‘बिल थकलं आहे, आज रात्री वीज तोडू’ अशा निरोपातला दुवा लिनक्सवरही तितक्याच सहज उघडतो.

संथपणाचं मूळ

आता वेगाकडे येऊ. इथे वही सगळ्यात जास्त लागते, कारण वेगाच्या बाबतीत मन फार फसवतं. आपण कष्ट घेऊन काही बदललं की यंत्र जलद झाल्यासारखं वाटतंच.

मोजायची पहिली जागा म्हणजे सुरू होण्याचा वेळ. ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ’ ही आज्ञा गाभा सुरू व्हायला किती सेकंद लागले आणि बाकीच्या सेवांना किती, हे वेगवेगळं सांगते. तिच्यापुढे ‘ब्लेम’ जोडलं की कोणत्या सेवेने किती वेळ घेतला याची यादी येते. पण ही यादी पाहून वरच्या चार सेवा बंद करण्याची घाई करू नये. अनेक सेवा एकाच वेळी चालू होत असतात. भात शिजायला वीस मिनिटं लागली तरी शेजारच्या शेगडीवर पोळ्या चालू असतील, तर भातामुळे जेवण अडलं असं म्हणता येत नाही. कोण कोणासाठी अडून बसलं, ते ‘क्रिटिकल-चेन’ जोडलं की दिसतं.

बहुतेक जुन्या लॅपटॉपांत दोषी सापडते ती हार्ड डिस्क. तिच्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी चकती फिरते, मिनिटाला ५,४०० फेरे. म्हणजे एका फेऱ्याला साधारण अकरा मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं सरकायचा वेळ, असे धरून प्रत्येक विखुरलेल्या वाचनाला पंधरा मिलिसेकंद जातात. सेकंदाला साठ-सत्तर वाचनं, त्यापलीकडे नाही. आणि यंत्र सुरू होताना हजारो लहान फाइली इकडून-तिकडून वाचायच्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, विखुरलेलं वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. म्हणून जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा. दुसऱ्या कोणत्याही युक्तीने इतका फरक पडत नाही.

दुसरा दोषी रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. जागा संपली की वस्तू माळ्यावर चढवाव्या लागतात. डिस्कवरच्या त्या माळ्याला स्वॅप म्हणतात. ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले की चढ-उतार सुरू होते आणि यंत्र गुदमरतं. यावर झेडरॅम नावाचा फार सुंदर उपाय आहे. वस्तू माळ्यावर न नेता ओट्यावरच घट्ट घडी घालून ठेवायच्या. माहिती आकसून रॅममध्येच राहते. उलगडायला प्रोसेसरचा थोडा वेळ जातो, पण माळ्यावर चढण्यापेक्षा तो कितीतरी कमी. फेडोरा या डिस्ट्रोने २०२० पासून ही सोय मुळातच चालू ठेवली आहे. मिंट-उबुंटूवर ती भांडारातून बसवता येते.

तिसरा दोषी कुणी पाहतच नाही. तो म्हणजे पंख्यातली धूळ. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की हवा कोंडते. प्रणालीत कितीही फेरफार केले तरी तुंबलेल्या पंख्यापुढे ते फुकट आहेत.

शिळे सल्ले

लिनक्सला तीन दशकं झाली. त्यामुळे सल्ल्यांचाही मोठा साठा जमला आहे, आणि त्यातले बरेच आता लागू नाहीत. प्रत्येक सल्ला कोणत्या काळचा आणि कोणत्या कारणासाठी दिलेला, हे विचारावं.

‘रॅम भरलेली दिसते, ती रिकामी करा’ हा एक. लिनक्स मोकळी रॅम वाया घालवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे धरून ठेवतं आणि कुणी जागा मागितली की सोडून देतं. ‘फ्री’ या आज्ञेत ‘अव्हेलेबल’ नावाचा रकाना पाहायचा, ‘फ्री’ नावाचा नाही. ती साठवण मुद्दाम पुसली तर पुढचं वाचन पुन्हा डिस्कवरून होतं, म्हणजे यंत्र हळूच होतं.

‘स्वॅपीनेस साठवरून दहावर आणा’ हा दुसरा. रॅम कमी पडली की वाचून ठेवलेल्या फाइली टाकायच्या, की चालू प्रोग्रामांचा भाग स्वॅपमध्ये न्यायचा, याचा तोल हा आकडा ठरवतो. स्वॅप फिरत्या डिस्कवर असताना तो कमी करण्यात अर्थ होता. झेडरॅम वापरत असाल तर घडी घालणं स्वस्त असल्याने आकडा वाढवावा लागतो. गाभ्याच्या ५.८ आवृत्तीपासून तो दोनशेपर्यंत नेता येतो. जो सल्ला एका यंत्राला तारतो, तोच दुसऱ्याला बुडवतो.

‘फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं बंद करा’ हा तिसरा. प्रत्येक वाचनाला एक लिहिणं होई तेव्हा तो योग्य होता. २००९ पासून गाभाच ही नोंद फार काटकसरीने करतो.

चौथा सल्ला मात्र घातक आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांच्याच रचनेतल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्या झाकण्यासाठी गाभ्यात उपाय घातले गेले, आणि त्यांच्यामुळे वेग काहीसा उतरला. ‘हे उपाय बंद करा, यंत्र पळेल’ असं सुचवणारे भेटतात. ज्या यंत्रावर बँकेचं पान उघडतं, त्यावर असं करू नये. त्रुटी यंत्रात आहे, तशीच राहणार आहे. फक्त झाकण काढलं जातं.

अर्धा सेकंद

मोजण्याचा मी एवढा आग्रह धरतो, त्याला एक कारण आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या अजून स्थिर न झालेल्या आवृत्तीवर आपलं काम तपासत होते. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी वापरला जाणारा एसएसएच हा प्रोग्राम त्यांना जरा संथ वाटला. त्यांनी मोजलं. आधी जिथे ०.३ सेकंद लागत, तिथे आता ०.८ लागत होते. बहुतेकांनी तो अर्धा सेकंद सोडून दिला असता. त्यांनी त्याचा माग काढला आणि ते पोचले एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या लहानशा प्रोग्रामापाशी. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा लपवला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ इमाने-इतबारे काम करून विश्वास मिळवला होता आणि मग हा घाव घातला होता. २९ मार्च रोजी फ्रॉइंड यांनी सगळं उघड केलं. तोवर तो बिघाड चाचणीतल्या आणि सतत बदलणाऱ्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो आला नव्हता.

मुक्त स्रोताची दोन्ही अंगं या एका घटनेत दिसतात. दार उघडं होतं म्हणून परका आत येऊन बसला. आणि दार उघडं होतं म्हणूनच एका माणसाला आत जाऊन प्रत्येक खोली तपासता आली. पण तपासायला त्याला लावलं ते एका आकड्याने. त्याला ‘आधी किती’ हे ठाऊक होतं, म्हणून ‘आता किती’ हे खटकलं. वेग आणि सुरक्षा हे आपण वेगवेगळे विषय समजतो, त्या दिवशी ते एकाच मोजणीत सापडले.

आपल्यापैकी फारच थोडे जण असा चोरदरवाजा शोधतील. पण ज्या घरात दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिला जातो, त्या घरात एका दिवशी अर्धा लिटर जास्त लागला तर लगेच कळतं. संगणकाचंही तसंच करायचं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू व्हायचा वेळ, डिस्कवर उरलेली जागा, ‘अव्हेलेबल’ रॅम आणि शेवटच्या बॅकअपची तारीख लिहायची. चार आकडे, पाच मिनिटं. एका महिन्यात आकडा उडी मारून वर गेला की मागच्या पानावर पाहायचं, मधल्या काळात आपण काय बसवलं होतं.

कपाटावरचा तो लॅपटॉप आज खाली काढा. चालू करा, घड्याळ लावा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून पहिला आकडा लिहा.